तिरफळाचं तेल

तिरफळ वापरणाऱ्या घरात आधी ते निवडायचं काम होतं. वाळून उकललेल्या फळातली काळी, चकचकीत बी काढून टाकायची आणि नुसतं टरफल बरणीत भरायचं. वेलदोड्याची साल बाजूला करून आपण दाणे कुटतो; तिरफळात नेमकं उलटं. बी कडक असते, दाताखाली कचकच लागते आणि आमटीला काहीच देत नाही. वास आणि जिभेला मुंग्या आणणारा तो विलक्षण गुण, दोन्ही त्या सुरकुतलेल्या तपकिरी टरफलात असतात.

कोकणातल्या आणि गोव्यातल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या या निवडीचं कारण सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. टरफलाच्या गरात तेलाने भरलेल्या गोल पोकळ्या असतात, संत्र्याच्या सालीत असतात तशाच. तेल बीमध्येही असतं, पण ते शेंगदाण्याच्या किंवा तिळाच्या तेलाच्या जातीचं, कागदावर डाग ठेवणारं. टरफलातलं तेल बाष्पनशील आहे. कागदावर थेंब टाकला तर काही वेळाने तो उडून जातो आणि मागे फक्त वास उरतो.

संत्र्याचं उदाहरण मी सहज घेतलेलं नाही. तिरफळ हे लिंबू, संत्रं, बेल, कवठ आणि कढीपत्ता यांच्याच कुळातलं. कढीपत्त्याचं किंवा लिंबाचं पान उजेडासमोर धरलं तर त्यात बारीक पारदर्शक ठिपके दिसतात. त्या तेलाच्याच पिशव्या. या कुळाने तेल साठवण्याची ही युक्ती पानात, फुलात, फळाच्या सालीत, सगळीकडे वापरली आहे. हे नातं किती खरं आहे, ते अमेरिकेच्या शेतीखात्यालाही मान्य करावं लागलं. तिरफळाचा चिनी भाऊ म्हणजे सिचुआन मिरी. लिंबूवर्गीय झाडांवर पडणारा कँकर हा जिवाणूजन्य रोग तिच्यामार्फत येईल या भीतीने अमेरिकेने १९६८ पासून तिच्या आयातीवर बंदी घातली होती. २००५ साली ती शिथिल झाली, तीही फळं आधी तापवून घेण्याच्या अटीवर.

तिरफळाचं झाड ओळखायला सोपं. सरळ वाढलेलं खोड, त्यावर खालून जाड आणि टोकाला अणकुचीदार असे शंकूच्या आकाराचे काटे, वर संयुक्त पानं. सिंधुदुर्ग, रत्नागिरी, गोवा, तिथून खाली कारवार, केरळ, आणि पूर्वेला आसामपासून थेट आग्नेय आशियापर्यंत ते आढळतं. आपल्याकडे कुठे त्याला तिरफळ म्हणतात, कुठे चिरफळ, गोव्यात तेफळ. शास्त्रीय नाव झँथोझायलम रेट्सा. त्याचं शास्त्रीय वर्णन विल्यम रॉक्सबर्ग यांनी केलं. ते १८२० साली बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून निघालेल्या ‘फ्लोरा इंडिका’ या ग्रंथात आलं, रॉक्सबर्ग वारल्यानंतर. ग्रंथाचे संपादक होते विल्यम कॅरी. हेच कॅरी १८०५ साली मराठीचं व्याकरण छापणारे. ज्या माणसाने आपल्या भाषेचे नियम छापून काढले त्याच्याच हातून आपल्या आमटीतलं हे फळही वनस्पतिशास्त्रात आलं, याचं मला नेहमी अप्रूप वाटतं.

आता तेलाकडे वळू. प्रयोगशाळेत ते काढायची पद्धत, म्हणजे ऊर्ध्वपातन, साधी आहे. टरफलं जाडसर भरडून पाण्यात उकळायची, निघालेली वाफ थंड करायची आणि पाण्यावर तरंगणारं तेल मोजनळीत गोळा करायचं. यासाठी १९२८ साली जोसेफ क्लेव्हेंजर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने सुचवलेलं काचेचं उपकरण आजही जगभर वापरतात. पहिल्यांदा ऐकताना यात एक कोडं वाटतं. तिरफळाच्या तेलातल्या सॅबिनीन या द्रव्याचा उत्कलनबिंदू १६० अंशांच्या वर आहे. मग उकळत्या पाण्याच्या १०० अंशांत ते वर कसं येतं? पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून दोन्ही आपापल्या वाफेचा दाब स्वतंत्रपणे देतात. दोन्ही दाबांची बेरीज हवेच्या दाबाएवढी झाली की मिश्रण उकळतं, आणि हे १०० अंशांच्या किंचित आधीच घडतं. वाफेसोबत तेलही निघून येतं. स्वयंपाकघरातही याहून वेगळं काही घडत नाही. बांगड्याच्या कालवणाचा वास शेजारच्या घरापर्यंत जातो तेव्हा तेवढं तेल भांड्यातून ऊर्ध्वपातित झालेलं असतं. तिरफळ अगदी शेवटी, नुसतं ठेचून घालायची रीत आहे ती यासाठीच.

गोळा झालेल्या त्या थेंबांत काय आहे? बहुतांश टर्पीन वर्गातली संयुगं. वनस्पती पाच कार्बनचा एक छोटा तुकडा तयार करते, आयसोप्रीनच्या घडणीचा, आणि तो दुसऱ्याला जोडते. दोन तुकडे जोडले की दहा कार्बनचं मोनोटर्पीन होतं, तीन जोडले की पंधरा कार्बनचं सेस्क्विटर्पीन. ओटो वालाख यांनी या सुगंधी द्रव्यांचा गुंता सोडवायला आयुष्य दिलं आणि १९१० साली त्यांना नोबेल मिळालं. पुढे लिओपोल्ड रुझिच्का यांनी या जोडणीचा नियम पक्का केला. त्यांना १९३९ चं नोबेल मिळालं. तिरफळाच्या तेलात दहा कार्बनवाल्यांचं राज्य आहे: सॅबिनीन, लिमोनीन, पायनीन, फेलँड्रीन, मर्सीन, आणि ऑक्सिजन सामावून घेतलेले टर्पिनीन-४-ऑल व अल्फा-टर्पिनिऑल. यातलं लिमोनीन संत्र्याच्या सालीच्या तेलात नव्वद टक्क्यांहून जास्त असतं. तिरफळाला जो लिंबाची, संत्र्याच्या सालीची झाक असलेला वास येतो त्यात त्याचा वाटा आहे. सॅबिनीन जायफळात आणि मिऱ्यातही असतं. त्याने लाकडासारखी, उबदार, मसाल्याची बाजू येते.

या नामावळीत थांबण्यासारखी जागा सॅबिनीनची आहे. त्याच्या रेणूत कार्बनचं एक त्रिकोणी कडं असतं. कार्बनला आपले बंध एकमेकांपासून ऐसपैस लांब ठेवायला आवडतं. त्रिकोणात ते दाबून, वाकवून बसवावे लागतात, त्यामुळे रेणूत ताण असतो. थोडं आम्ल आणि उष्णता मिळाली की त्रिकोण उघडतो, पाण्याचा एक रेणू आत येतो आणि सॅबिनीनचं टर्पिनीन-४-ऑल होतं. फळ भरडून पाण्यात तासन्‌तास उकळलं की हा बदल होऊ शकतो, कारण फळाच्या पेशींतली आम्लं त्याच पाण्यात उतरतात.

ही बारीक गोष्ट कळली की तिरफळावरचे वेगवेगळे अहवाल वाचताना गोंधळ उडत नाही. काही विश्लेषणांत सॅबिनीन पहिल्या क्रमांकावर असतं, काहींत टर्पिनीन-४-ऑल. दोन्ही खरी असू शकतात. फळ हिरवं होतं की वाळलेलं, कुठल्या भागातलं, टरफल वेगळं केलं होतं की बीसकट भरडलं, किती वेळ उकळलं, यावर आकडे हलतात. त्यात झाडाची जातकुळीही आली. एकाच प्रजातीची दोन झाडं दिसायला सारखी असून तेलाने वेगळी असणं या कुळात नवल नाही. म्हणून ‘तिरफळाच्या तेलात अमुक टक्के अमुक’ असं एकच वाक्य छापणाऱ्या पुस्तकावर मी विश्वास ठेवत नाही. कुठलं फळ, कुठल्या महिन्यातलं आणि कसं काढलेलं तेल, हे सोबत सांगितलं तरच त्या टक्केवारीला अर्थ असतो.

मोजणीचं काम गॅस क्रोमॅटोग्राफी करते. तेलाचा सूक्ष्म थेंब तापवून वायूच्या प्रवाहात सोडतात आणि केसासारख्या बारीक, कित्येक मीटर लांब नळीतून जाऊ देतात. हलकी, लवकर उडणारी संयुगं आधी बाहेर पडतात, नळीच्या अस्तराला रेंगाळणारी मागाहून. प्रत्येकाचे तुकडे करून त्यांचं वस्तुमान मोजलं की ओळख पटते. हे यंत्र अतिशय तरबेज आहे, पण ते फक्त उडणाऱ्या गोष्टी पाहतं. तिरफळाच्या बाबतीत ही मर्यादा फार महत्त्वाची ठरते.

कारण जिभेला येणाऱ्या मुंग्या तेलात नसतात. त्या आणणाऱ्या द्रव्यांचा गट सँशूल नावाने ओळखला जातो. जपानमध्ये याच वंशाच्या झाडाला सान्शो म्हणतात, त्यावरून हे नाव पडलं. सँशूल म्हणजे दुहेरी बंध असलेली लांब कार्बनसाखळी आणि तिच्या टोकाला नायट्रोजनचा अमाइड गट. हा रेणू जड आहे, वाफेबरोबर वर येत नाही. क्लेव्हेंजरच्या उपकरणात तेल वर जातं आणि सँशूल खालच्या चोथ्यात राहतं. शुद्ध ऊर्ध्वपातित तेल हुंगलं तर तिरफळ समोर उभं राहतं, पण अंगठ्याने टरफल चुरडून जिभेवर ठेवल्यावर जे होतं ते त्या तेलाने होणार नाही. तेल हे अर्धं तिरफळ आहे. ‘तिरफळाचे गुण’ म्हणून तेलाचे प्रयोग पुढे करणाऱ्या प्रत्येकाने हे आधी सांगायला हवं.

उरलेल्या अर्ध्याची कथाही सुरस आहे. मिरचीतलं कॅप्सायसिन उष्णता ओळखणाऱ्या चेतातंतूंचं दार उघडतं, म्हणून तोंड भाजल्यासारखं वाटतं. सँशूलची तऱ्हा निराळी. २००८ साली डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेतून आलेल्या संशोधनाने दाखवलं की ते चेतापेशींतून पोटॅशियम बाहेर सोडणाऱ्या काही मार्गिका बंद करतं. पोटॅशियम बाहेर जात राहिलं तर चेतापेशी शांत राहते. ती वाट बुजली की पेशी उत्तेजित होते आणि स्पर्शाच्या तंतूंतून संदेश धावू लागतात. प्रत्यक्षात कुणी स्पर्श केलेला नसतो. २०१३ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी लोकांच्या ओठांना सिचुआन मिरी लावली, बोटाखाली कंप पावणारं यंत्र दिलं आणि दोन्हींचा वेग जुळवायला सांगितला. ओठांवरची झिणझिण सेकंदाला सुमारे पन्नास कंपनांशी जुळली. त्वचेत हलका कंप टिपणारे तंतू साधारण याच वेगाला जागे होतात. चव म्हणून आपण जे सांगतो ते इथे खरं तर स्पर्शाचं एक रूप आहे. याच वंशातल्या उत्तर अमेरिकेतल्या झाडांना तिथे दातदुखीचं झाड म्हणतात, आणि हिमालयात तिमूरच्या काड्यांनी दात घासतात. दुखऱ्या हिरडीला बधिरपण हवं असतं, ते या सालीत मिळतं.

आता तेलाची जैविक क्रिया. तिरफळाच्या आणि त्याच्या भाऊबंदांच्या तेलांवरचे बरेचसे प्रयोग एका साच्याचे असतात. पोषक जेलीच्या तबकडीवर जिवाणू पसरायचे, मध्ये तेलात भिजवलेली कागदी चकती ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी चकतीभोवती किती जागा मोकळी राहिली ते मोजायचं. मोकळं वर्तुळ मोठं तर तेल प्रभावी. ही परीक्षा प्रतिजैविकांसाठी चांगली, पण बाष्पनशील तेलाला ती नीट लागू पडत नाही. तेल पाणीदार जेलीत मुश्किलीने पसरतं, बरंचसं वर उडून जातं. म्हणून जाणकार किमान किती सांद्रतेला वाढ थांबते ते द्रवात मोजतात. तिथे सहसा दिसतं ते असं की सुगंधी तेलांना प्रतिजैविकांपेक्षा कितीतरी जास्त मात्रा लागते.

तरी क्रिया खरी आहे आणि तिचं कारणही ठाऊक आहे. टर्पिनीन-४-ऑल हे ऑस्ट्रेलियातल्या टी-ट्री तेलाचं मुख्य द्रव्य, त्यामुळे त्याचा अभ्यास खूप झाला आहे. हा रेणू तेलकट आहे, पण त्याला एक हायड्रॉक्सिल गट जोडलेला असल्यामुळे पाण्याशीही थोडी सलगी करतो. अशा रेणूला जिवाणूच्या चरबीयुक्त पटलात शिरणं सोपं जातं. तो शिरला की पटल सैल होतं, आतलं पोटॅशियम गळू लागतं, पेशीची ऊर्जा ढासळते. नुसत्या हायड्रोकार्बन असलेल्या सॅबिनीन किंवा लिमोनीनला हे तितकं जमत नाही, कारण ते पाण्यातून जिवाणूपर्यंत पोचतच नाहीत. सॅबिनीनचा त्रिकोण उघडून टर्पिनीन-४-ऑल होण्याचं महत्त्व इथे पुन्हा लक्षात येतं: एकाच फळाचं दोन पद्धतींनी काढलेलं तेल जिवाणूंशी दोन प्रकारे वागू शकतं. ग्रॅम-ऋण जिवाणूंना बाहेरून आणखी एक पटल असतं, ते तेलकट रेणूंना अडवतं. त्यामुळे ई. कोलायसारख्यांवर अशी तेलं बहुधा कमी चालतात आणि स्टॅफिलोकॉकससारख्यांवर जास्त.

झाडाने हे तेल आपल्यासाठी बनवलेलं नाही. पानं कुरतडणारे किडे, बुरशी, जिवाणू यांना दूर ठेवण्यासाठी ते आहे. पण निसर्गात कुठलंच विष सगळ्यांना विष नसतं. मलबार बँडेड पीकॉक हे पश्चिम घाटातलं देखणं फुलपाखरू, शास्त्रीय नाव पॅपिलिओ बुद्ध, केरळने २०१८ साली राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेलं. त्याच्या अळ्या तिरफळाच्याच पानांवर वाढतात. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन त्याच वंशातलं, आणि त्याच्या अळ्याही लिंबाच्या कुळातल्या झाडांवर पोसतात. या अळ्यांना डिवचलं की डोक्यामागून दुफाटी, उग्र वासाची ग्रंथी बाहेर येते, आणि कोवळ्या अळ्यांच्या त्या स्रावात टर्पीनच असतात. झाडाने ज्या जातीच्या रसायनांनी शत्रू रोखले त्याच जातीची रसायनं शत्रूनेही आपल्या बचावाला वापरली.

काचेच्या तबकडीपासून माणसाच्या शरीरापर्यंतचं अंतर मात्र फार मोठं आहे. तबकडीत जिवाणू मारणारं तेल पोटात गेल्यावर पातळ होतं, शोषलं जातं, यकृतात मोडतं. जखमेवर लावलं तर त्वचेच्या पेशींचं पटलही जिवाणूच्या पटलाइतकंच चरबीचं आहे, हे विसरून चालत नाही. शिवाय लिमोनीन हवेत उघडं राहिलं की त्याचं ऑक्सिडीभवन होऊन त्वचेला ॲलर्जी आणणारी द्रव्यं तयार होतात. जुन्या, अर्धवट वापरलेल्या बाटलीतलं कुठलंही सुगंधी तेल म्हणूनच अंगाला लावू नये, आणि थेंबानेसुद्धा पिऊ नये. आमटीतली पाच-सहा टरफलं ही वेगळी गोष्ट. त्यातून पोटात जाणारं तेल अत्यल्प असतं आणि आपल्या माणसांच्या कित्येक पिढ्या ते खात आल्या आहेत.

स्वयंपाकातलं एक मत इथे तपासायला हवं. बांगडा, तारली अशा तेलकट माशांत तिरफळ घालतात. उडदमेथी त्याशिवाय होतच नाही. त्यामागे ‘तिरफळाने मासा बाधत नाही’ असं सांगितलं जातं. माशाचा हिवस वास मुख्यतः ट्रायमिथाइलअमाइन या द्रव्याचा. आमसूल किंवा चिंच यांच्या आम्लाने त्याचं न उडणाऱ्या क्षारात रूपांतर होतं आणि वास खरोखर कमी होतो. तिरफळाचं तेल उरलेल्या वासावर आपला वास चढवतं, आणि वाटपातल्या खोबऱ्याची चरबी ते तेल धरून ठेवते. रुचीचा हा हिशेब कुणी सूत्रं न लिहिता अचूक जमवला आहे. पण बांगडा उन्हात राहिला तर जिवाणू त्यातल्या हिस्टिडिनपासून हिस्टामिन बनवतात. त्याने अंगावर गांधी येतात, चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं. हे हिस्टामिन उकळून जात नाही, आमसुलाने जात नाही, तिरफळानेही जात नाही. शिळ्या बांगड्याला तिरफळाने वाचवता येत नाही. उलट त्याचा वास झाकला जाण्याचा धोका असतो. मासा ताजाच हवा, बर्फात ठेवलेला.

भाज्यांतही तिरफळाला मान आहे. गोव्याचं खतखतें त्याशिवाय अपुरं लागतं, आणि तुरीच्या साध्या डाळीत चार टरफलं ठेचून टाकली की तिचं रूप बदलतं. अशा वेळी पूड करू नका. पूड केली की तेलाच्या पोकळ्या फुटतात आणि काही दिवसांत वास हवेत जातो. सँशूलही हवा, उजेड आणि आम्ल यांपुढे टिकत नाही. त्यामुळे दोन वर्षं उघड्या डब्यात राहिलेल्या तिरफळाला वास थोडा असतो, मुंग्या मात्र येत नाहीत.

मला खंत वाटते ती एवढ्याचीच की आपल्या किनाऱ्यावरच्या तिरफळाबद्दल आपण फार कमी मोजलं आहे. चीन आणि जपानने आपापल्या जातींची शेती केली. आपल्याकडे बहुतेक तिरफळ परसातल्या, बांधावरच्या किंवा रानातल्या झाडांवरून येतं. खोड काट्यांचं असल्यामुळे घोस काढायला कष्ट पडतात, आणि सोय म्हणून फांदीच तोडली की पुढच्या हंगामाचं फळ जातं. सावंतवाडीचं, केपेचं आणि कारवारचं फळ शेजारी ठेवून, एकाच महिन्यात तोडून, एकाच पद्धतीने तेल काढून आणि सँशूल वेगळं मोजून पाहणं, हे काम कुठल्याही महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागाच्या आवाक्यातलं आहे. ज्यांच्या परसात झाड आहे त्यांनी काठीला आकडी बांधून घोस काढावेत, फांदी तोडू नये. आणि बाजारातून घेताना एक टरफल चुरडून जिभेच्या टोकावर ठेवून पाहावं. मिनिटभरात मुंग्या आल्या तर माल चांगला आहे. तो बी काढून, काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत, अंधारात ठेवा.